दोघांचा पास

४ मार्च

डब्याच्या खिडकीवर पिवळा कागद! कामाला निघताना दिसला. कोणीतरी चारी कडा दाबून दाबून चिकटवलाय. नखाने काढायला गेले तर अर्धा काचेवरच राहिला. तिथेच उभी राहून वाचला. परराज्यात नोंदलेली कॅराव्हॅन यापुढे इथे तीन महिन्यांहून जास्त उभी ठेवता येणार नाही. इथे नोंदवून घ्या, नाही तर हलवा. मुदत महिनाअखेर.

तीन महिने! आमचा हा गाडीमागे ओढायचा डबा पाच वर्षं घराच्या भिंतीला टेकून उभा आहे. चाकांखालच्या विटांना शेवाळ आलंय. नंबरप्लेट पुलापलीकडच्या राज्याची, कारण तिकडे कर लांबीवर, इकडे वजनावर, आणि आमचा डबा आखूड पण जड. "बुटक्यांची सोय आहे तिकडे," असं हा म्हणायचा आणि मलाच कोपरखळी मारायचा.

म्हणायचा. लिहिताना हात अजून अडतो.

५ मार्च

आईंना सांगितलं नाही, त्यांच्या लेकाचा डबा. काचेवरचा उरलेला कागद कोमट पाण्याने काढला. डाग राहिलाच.

८ मार्च

भाऊजींना कुठून कळलं कोण जाणे. दिरांचं टायरचं दुकान आहे, त्यामुळे जगात जे जे चाकावर उभं आहे ते आपल्याला विचारून उभं आहे अशी त्यांची समजूत. आले, डब्याभोवती एक फेरी मारली, चाकाला लाथ घालून बघितली. आई आत झोपल्या होत्या म्हणून हळू आवाजात बोलत होते. म्हणजे त्यांच्या हळू आवाजात — जो फक्त शेजारच्या तीन घरांना ऐकू जातो.

"वहिनी, तिकडे तपासणी एकदाच, इकडे दरवर्षी. तिकडे गॅसची टाकी बाहेर हवी, इकडे आत चालते पण वर झाकण हवं. आणि मधे आहे काय? एक पूल! मी म्हणतो, पुलाच्या मधोमध उभा केला डबा, तर टाकी अर्धी आत नि अर्धी बाहेर ठेवायची का?"

हसले. बऱ्याच दिवसांनी तोंडावर हात ठेवून हसले.

"इकडे नोंदवून टाकू. काय लागतं त्यात? जुना कागद, वजन, मालकाची सही..."

मग चाकाला आणखी एक लाथ घातली, पण पहिलीसारखी नाही.

११ मार्च

नोंदणी कार्यालय. खिडकीमागे माझ्याच वयाची बाई, चष्मा दोरीने गळ्यात, टेबलावर फुटक्या कपात खोडरबरं. जुना कागद बघितला.

"मालक कुठेत?"

सांगितलं. इतक्या वेळा सांगून झालंय की ती दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट वाटते. पलीकडच्या राज्यातलं तळ्याचं उद्यान. आम्ही दोघं, डबा. सकाळी तो होडी घेऊन गेला. होडी मिळाली, तो मिळाला नाही. पाणबुडे कितीतरी दिवस खाली जात राहिले. मी डब्यात चहा ठेवला होता, दोन कप काढले होते, हे मात्र कोणाला सांगत नाही. ते फक्त इथे.

बाई म्हणाली, "पाच वर्षं पुरी झालीत का? मग सोपं आहे. आमच्याकडे पाच. बायकोची सही, आणि आईवडलांपैकी जे असतील त्यांची. मजकूर छापलेलाच आहे — इतक्या वर्षांत काही खबर नाही, तरी हयात नाहीत असं समजावं. मग डबा तुमच्या नावावर."

"आणि पलीकडे?"

"तिकडे दहा."

"म्हणजे तिकडे तो अजून—"

"तिकडे आहेत," ती म्हणाली. अगदी सहज, शेजारच्या खोलीत आहेत म्हणावं तसं. मग माझं तोंड बघून चष्मा काढला. "ताई, तिकडचं आमच्याकडे येत नाही, आमचं तिकडे जात नाही. तुम्ही त्याचा विचारच करू नका."

विचारच करू नका!

येताना मुद्दाम पुलाच्या रस्त्याने आले. पलीकडे गेले नाही. या टोकाला नवरा नाही, त्या टोकाला आहे. खालून पाणी जात होतं, दोन्हीकडचं एकच.

१२ मार्च

दवाखान्यात दिवसभर कान तपासले. लोकांना काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. "आवाज आला की दाबा." बाहेर बसून मी बारीक बारीक आवाज सोडते. रोज कोणीतरी एक जण असतोच, मी काहीच सोडलेलं नसतं आणि तो बटण दाबतो.

आजच्या आजी. चार वेळा दाबलं. बाहेर आल्यावर विचारलं, "आजी, काय ऐकू आलं?"

"लांबून गं. कोणीतरी फाटक लावून घेतलं."

पूर्वी अशांना समजावत असे — नसलेल्या आवाजाला दाबायचं नाही, मग तपासणी चुकते. हल्ली समजावत नाही. मान हलवते.

१५ मार्च

पाकीट आलं! दर वर्षी याच सुमाराला येतं तसं. हिरवं, कोपऱ्यात पाणकोंबडीचं चित्र. तळ्याच्या उद्यानाचा वार्षिक पास — दोघांचा. वर त्याचं नाव, खाली माझं. शेजारी माझा जुना फोटो, केस लांब असतानाचा. हा पास फक्त तिकडच्या उद्यानांत चालतो. इकडची उद्यानं तो मानत नाहीत, आणि इकडचा पास तिकडे दाखवला तर म्हणे फाटकावर हसतात. त्यानंतर एकदाही मी तिथे पाऊल टाकलेलं नाही. आणि तरी पास दर वर्षी ताजा.

आई भरतात. त्यांच्या पेन्शनमधून. कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना काहीतरी कारण द्यावं लागलं असतं, आणि मला ते पटल्यासारखं करावं लागलं असतं. पाकीट मी नेहमीसारखं बाहेरच्या टेबलावर ठेवते. दुसऱ्या दिवशी ते डब्यातल्या खणात असतं, जुन्या पासांवर. कोणी ठेवलं ते सांगायला नको.

आणि मी डब्याची तिकडची फी भरते. परराज्यात पत्ता असलेल्यांना तिकडे दरवर्षी जादा आकार पडतो. भाऊजी म्हणतात, "वहिनी, एवढ्यात तर दुसरा डबा आला असता!" आला असता. पण ती फी भरली की तिकडून पावती येते, आणि पावतीवर लिहिलेलं असतं "मालक", आणि पुढे त्याचं नाव.

त्या पास भरतात, मी डबा भरते. सासू-सुना मिळून त्याला पलीकडे जिवंत ठेवतो.

आई, तुम्हाला कधी म्हणणार नाही, पण तुमचे उपकार आहेत.

१८ मार्च

दुपारी डब्यात जाऊन बसले. सुट्टी होती. ऊन चढलं की पत्रा बोलायला लागतो — टक्, मग थांबून टक्. मागच्या बाकाच्या उशीत अजून त्याचा वास आहे. खरंतर नसणार. आई दर आठवड्याला खोळ धुतात. पण मी नाक खुपसलं की येतो.

एकदा वाटलं, बाहेरची पायरी दबली. तो चढला की डबा एका बाजूला किंचित कलायचा — तेवढाच, कपातला चहा काठाशी यावा इतका. आज तसाच कलला. मी वळले नाही. किती वेळ वळले नाही! मान दुखायला लागली तरी वळले नाही, कारण वळलं की नसतं.

वारा असेल. विटा खचत असतील.

हे सगळं माझ्या नावावर करून घ्यायचं. मग पायरी दबली तरी ती माझ्याच डब्याची दबणार.

२० मार्च

आईंना सांगितलं. त्या खिडकीशी बसून उसवलेला पडदा शिवत होत्या. ऐकून घेतलं, दोरा ओढला, गाठ मारली, दाताने तोडला.

"मला ठाऊक आहे. तो टायरवाला हळू बोलत होता त्या दिवशी."

"आई, तुमचीही सही लागते."

"काय लिहिलंय त्यात?"

"की... तो नाही असं समजावं."

दुसरा दोरा ओवायला घेतला. ओवता येईना. मी पुढे झाले तर हात मागे घेतला.

"जन्मला तेव्हा दाखल्यावर सही ह्यांनी केली होती. मी उठून बसण्यासारखी नव्हते. म्हणजे तो आला याला माझी सही नाही. आणि गेला याला मात्र माझी हवी!"

मी खाली पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलला.

मग त्याच म्हणाल्या, "तू केलीस तर मी करीन. पण आधी तू. माझ्याकडे बघत बसू नकोस, मी तुझ्याकडे बघत बसणार नाही."

सुई शेवटी मीच ओवून दिली.

२१ मार्च

कागद पिशवीत घेऊन फिरतेय. उघड्या वस्तऱ्यासारखा.

२२ मार्च

आई जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या. त्यांचा पाट्यासारखा सपाट आवाज. त्यांना मी कधी रडताना पाहिलेलं नाही. त्या भांडी जोरात घासतात.

२३ मार्च

सुचलं! दवाखान्यातून येताना सुचलं आणि तिथेच रस्त्यात उभी राहिले, मागून एक सायकलवाला ओरडला, "बाई, घरी जाऊन विचार करा!"

कागद म्हणतो — नोंदवा, *नाही तर हलवा*. हलवा! तळ्याच्या उद्यानात वर्षाच्या बोलीने कॅराव्हॅन उभ्या करायला जागा देतात, पास असला की झालं. आम्हीच दोनदा ठेवला होता. डबा तिकडचा, नंबरप्लेट तिकडची, पास आहेच. सही करायची गरजच नाही! तो तिकडे आहे तसाच राहील. अजून निदान पाच वर्षं.

फक्त त्या तळ्यावर जावं लागेल.

२५ मार्च

गेले. एकटी. पूल ओलांडताना श्वास धरला होता, लहान मुलं बोगद्यात धरतात तसा.

फाटक बदललंय, पूर्वी लाकडी होतं. खोलीत एक नवा तरुण गृहस्थ, गणवेशाची इस्त्री कडक. मी पास पुढे केला. फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो. "केस कापलेत," मी म्हटलं. हसला.

डबा ठेवता येईल म्हणाला. पासवरच्या दोघांपैकी कोणीही एक हजर असलं की पुरे. मी हजर! मालक हवाच असं नाही! इतकं हलकं वाटलं की उगाच बोलत सुटले. म्हटलं, "तुमचं बरं आहे हो. माझ्या सासूबाई दर वर्षी घरबसल्या पोस्टाने हा पास भरतात."

"पोस्टाने? नाही बाई. तो तुमच्याकडचा नियम. आमच्याकडे पोस्टाने काही होत नाही. दोघांपैकी एकाला इथे, या खिडकीवर यावं लागतं. फोटो जुळवूनच देतो आम्ही. एक कार्ड त्याच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवतो."

मागे एक गाडी भोंगा वाजवत होती. आभार मानले आणि गाडी वळवली. तळं बघितलंच नाही.

२६ मार्च

भाऊजींनी आईंना तिकडे नेलं असणार. पेन्शन आणायला दोघं जातातच की गाडीतून. म्हातारं माणूस बघून नियम वाकवतात लोक. आईंनी खिडकीवर दोन शब्द सांगितले असतील, त्या नव्या माणसाच्या आधी कोणी मऊ मनाचा असेल.

तसंच असणार.

तसंच असणार.

२७ मार्च

आईंना विचारलं. सकाळी, चहा घेताना. इकडचं तिकडचं न करता विचारलं, "आई, तळ्याचा पास तुम्ही कोणाबरोबर जाऊन भरता?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"मी?"

"दर वर्षी पाकीट येतं ते."

"मी कशाला भरीन? मला वाटलं तू भरतेस. तू टेबलावर ठेवतेस, मी उचलून खणात ठेवते. म्हटलं, पोरीला बोलायचं नाहीये, आपण कशाला खपली काढा."

भाऊजींना फोन केला. आवाज ऐकूनच घाबरले. "मी? वहिनी, मी माझ्या दुकानाचं लायसन वेळेवर भरत नाही!" मग माझ्याकडून काहीच येईना तेव्हा, "काय झालं? वहिनी? काय झालं?"

आई तिथेच बसून होत्या. चहावर साय धरली. त्यांचा हात टेबलावरून पुढे आला, माझ्या हातापर्यंत पोहोचला नाही, मधेच थांबला.

दाराची कडी वाजली तर दोघीही दचकलो. दूधवाला होता.

२८ मार्च

उद्यानात फोन केला. तो नवा नव्हता, जुन्यांपैकी कोणीतरी, खोकत बोलणारा. पासचा नंबर सांगितला.

"हां हां, ते होय? येतात की. मार्च लागला की येतात, गर्दी व्हायच्या आधी. एकदम शांत गृहस्थ. दाढी ठेवलीय आता. आत येऊन बसतात, पाणी बघत. मी म्हटलंसुद्धा त्यांना, साहेब, एकटेच येता, एकट्याचा पास घ्या, निम्म्यात पडेल. तर म्हणे नाही, दोघांचाच द्या."

मग म्हणाला, "तुम्ही कोण बोलताय?"

मी कोण बोलतेय?

ठेवला फोन.

म्हणजे त्याला माहीत होतं पाकीट इथे येतं. दर मार्चला. मी ते उघडणार, दोन नावं बघणार. आणि मी ते उघडून मनातल्या मनात आईंचे उपकार मानत होते! तो एकट्याच्या दुप्पट भरून माझं नाव तिकडे ठेवत होता, मी जादा आकार भरून त्याचं. पुलाच्या दोन्ही टोकांना दोन खुळे.

का गेलास हे विचारावं असं वाटत नाहीये. आश्चर्य आहे. पाच वर्षं वाटत होतं, फक्त एवढंच विचारायला मिळू दे. शेवटच्या वर्षात तो जेवायला बसला की ताटाकडे अनोळखी वस्तूकडे बघावं तसा बघायचा. बोलायचा नाही. मी बोलत राहायचे, दोघांच्या वाटचं. मला वाटायचं दमलाय.

पाणबुडे खाली जात होते तेव्हा काठावर आई अनवाणी उभ्या होत्या. कोणी चप्पल आणून दिली तर घातली नाही. तेव्हा तो कुठे होता? किती लांब? दिसत होतं का तिथून?

आईंना सगळं सांगितलं. दाढीचंसुद्धा.

"बरा आहे ना?" एवढंच म्हणाल्या.

"बरा आहे."

"जेवतो का, विचारलंस?"

"नाही आई."

मग उठून डब्यात गेल्या. मी खिडकीतून बघत होते. बराच वेळ काही हललं नाही. नंतर बाकाची उशी बाहेर आली, खोळीसकट, आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी भिंतीवर आपटायला सुरुवात केली. धूळ अशी नव्हतीच त्यात. तरी आपटत होत्या.

३१ मार्च

नोंदणी कार्यालय. मी पेन काढेपर्यंत आईंनी कागद पुढे ओढला आणि आधी त्यांनी सही केली. मग मी.

बाईने नियमाप्रमाणे विचारलं, "इतक्या वर्षांत काही खबर?"

आई म्हणाल्या, "नाही हो. काही नाही."